न ऐकलेल्या कॅसेटी

आमचे धाकटे दीर रघुनाथ, वाडीचे रघू, मी त्यांना भावोजी म्हणायची. बारा वर्षं बोटीवर तेलवाला होते. तेलवाला म्हणजे इंजिनच्या खोलीत तेल घालत फिरणारा. ब्याऐंशीच्या दिवाळीत ते कायमचे घरी आले. बरोबर एक निळी पत्र्याची पेटी होती. मला वाटलं साड्या असतील, साबण असतील, निदान माझ्या तुळसाला एखादी बाहुली. पेटी उघडली तर नुसत्या कॅसेटी. दोनशे चौदा.

"भावोजी, दुकान घालताय की काय हर्ण्यात?"

"दुकान नाय, वहिनी. औषध आहे हे."

मी हसले. तेही हसले, पण माझ्या तोंडाकडे बघून झाल्यावर मग हसले. ते तसंच करायचे. का, ते मला पुढे कळलं.

आमचं घर हर्णे बंदरापासून कोसभर, समुद्राच्या वाळूला, पुळणीला लागून. आमचे हे अलोऱ्याला प्रकल्पाच्या ऑफिसात कामाला, पंधरा दिवसांनी शनिवारी येणार. घरात मी, तुळसा आणि आता भावोजी. त्यांचं लग्न झालं नव्हतं. स्वभावानं फार चांगले. विहिरीवरून पाणी आणून द्यायचे, नारळ सोलून द्यायचे, कामाला कधी नाही म्हटलं नाही. मात्र दुपारी तीन वाजले की हातातलं काम टाकून पडवीच्या खोलीत जायचे, टेपात कॅसेट घालायचे आणि चहाच्या वेळेपर्यंत उठायचे नाहीत.

ते गाणं म्हणावं तर गाणं नव्हतं. भजन सुरू करायच्या आधी पेटीवाला एकच सूर धरून बसतो ना, तसं. पण इथं अभंग सुरूच व्हायचा नाही. तासभर तो सूरच चालायचा, मधेच जरा जाड व्हायचा, जरा बारीक. काही कॅसेटींत ढोल असायचा, पण तोही एकाच चालीत, ना वाढ ना उतार, पिठाच्या गिरणीसारखा. शेजारची सखू कुंपणावरून विचारायची, "वहिनी, कोणाचा दळण घेतलास आज? आमचे पण दोन पायली टाक." सगळी वाडी त्याला रघूची गिरण म्हणू लागली. भावोजींना कळायचं, ते नुसते हसायचे.

मला उत्सुकता होती. एकदा विचारलं, हे वाजवणारे कोण? तर त्यांनी जुन्या कॅलेंडरच्या मागच्या कोऱ्या बाजूला काढलेला एक मोठा कागद दाखवला. आमच्या देवळाच्या मानकऱ्यांची वंशावळ आप्पा गावकरांकडे आहे, अगदी तशी. वर चार-पाच नावं, त्यांना फाटे, फाट्यांना फाटे. नावं जर्मन, मला वाचता यायची नाहीत. भावोजी बोट फिरवून सांगायचे.

"हे बघ, हे तिघे आधी एका घरात. मग हा फुटला, त्यान वेगळी चूल केली. एकट्यानच सत्तावीस तबकड्या काढल्यान. हे दोघे नदीकाठी एका खेड्यात जाऊन रायले, तिथं आणखी एकजण त्यांना मिळाला. हा आधी ढोल वाजवायचा, मग त्यान ढोल सोडला आणि नुसतं वाऱ्यासारखं काढतो."

"म्हणजे भाऊबंदकीच की."

"भाऊबंदकी. पण भांडण नाय. फुटले तरी एकमेकांकडं जाऊन वाजवतात."

त्या कागदावर प्रत्येक फाट्याखाली साल आणि आकडा होता, आणि तोच आकडा कॅसेटीवर. सत्तर सालापासून ऐंशीपर्यंत, क्रमानं. ते क्रम मोडत नसत. एक कॅसेट ते सात-आठ दिवस लावायचे. मग ती पेटीत उजवीकडे जायची आणि पुन्हा कधी बाहेर यायची नाही. न ऐकलेल्या डावीकडे, उलट्या तोंडानं ठेवलेल्या. एवढ्या जपून आणलेल्या वस्तू आठवड्यात टाकून द्यायच्या हे मला पटायचं नाही. आमच्याकडे गणपतीच्या आरत्यांची एकच कॅसेट, दरवर्षी तीच.

एकदा वीज नव्हती आणि टेपाचे सेलही संपले होते. भावोजी मागच्या दारी नारळाची सोडणं रचत होते. तीन वाजले असतील. एकाएकी ते उभे राहिले आणि मोठ्यानं म्हणाले, "ओ!"

मी स्वयंपाकघरात होते. मी काही हाक मारली नव्हती. बाहेर आले तर ते पुळणीकडे तोंड करून उभे. पुळणीवर चिटपाखरू नव्हतं. "आलो," म्हणाले आणि चालू लागले. मी धावत जाऊन दंड धरला, तेव्हा कुठे माझ्याकडे बघितलं. हात बर्फासारखा गार होता.

आमच्याकडे लहान पोरालाही शिकवलेलं असतं. दुपारी किंवा तिन्हीसांजेला कोणी हाक मारली तर पहिल्या हाकेला ओ द्यायची नाही, दुसरीलाही नाही. माणूस असेल तर तिसरी हाक मारतं. जे माणूस नसतं ते तिसरी मारत नाही. आणि ज्यानं आधीच ओ दिली, तो त्याच्याबरोबर गेला. भावोजींनी तर हाक नसतानाच ओ दिली होती.

त्या दिवशी देवापुढे दिवा लावून मी त्यांना समोर बसवलं आणि म्हटलं, खरं काय ते सांगा. मग त्यांनी सांगितलं.

बोटीवर त्यांच्याबरोबर लवू नावाचा गुहागरकडचा एक माणूस होता. इंजिनच्या खोलीत आवाज असा की शेजारच्यानं ओरडलेलं कळत नाही. सगळं हातानं बोलायचं. एक हात कानावर आणि दुसरा वर, म्हणजे ऐकलं, येतो. एका दुपारी तीनच्या पाळीला वाफेचा नळ फुटला आणि लवू त्यात सापडला. भावोजी पंधरा पावलांवर, पाठमोरे, तेल घालत होते. वरून बघणारा पुढे म्हणाला, ओठांवरून कळलं, लवू तुझ्या नावानं ओरडत होता, दोनदा ओरडला. भावोजींना ऐकू गेलं नाही. लवूला तिथंच समुद्राला दिलं.

"त्यानंतर रोज तीनला हाक येते, वहिनी. त्याचाच आवाज. दोनदा."

पुढे बोट दुरुस्तीला हँबर्गच्या गोदीत तीन महिने पडली. तिथं डीटर नावाचा एक फिटर होता, त्याला असल्या संगीताचं वेड. रघू दुपारी कान झाकून बसतो हे त्यानं बघितलं आणि घरी नेऊन एक तबकडी लावली. त्या दुपारी पहिल्यांदाच हाक आली नाही. तो सूर असा काही भरून राहतो की हाकेला मधे शिरायला जागाच राहत नाही. मग डीटरनं आपल्याकडच्या सगळ्या तबकड्या, या माणसांनी आयुष्यात काढलेलं सगळं, पहिल्यापासून क्रमानं कॅसेटींवर उतरवून दिलं.

"मग एकच चांगली बघून तीच लावा की रोज."

"नाय चालत. सात-आठ दिवसांत ओळखीची होते. पुढं काय येणार ते आपल्याला कळायला लागतं. मग कान मोकळा रायतो आणि त्याच्यातून हाक येते. न ऐकलेलीच लागते."

"आणि संपल्या की?"

ते काही बोलले नाहीत. पेटीच्या डाव्या बाजूकडे बघत राहिले. मला वाटलं विचार करतायत. त्यांना माझा प्रश्न ऐकूच आला नव्हता. मी पाठ वळवून दिव्यात तेल घालता घालता विचारला होता.

तेव्हा माझ्या लक्षात आलं. भावोजी बहिरे होत चालले होते. तोंडाकडे बघून बोलणं ओळखायचे, म्हणून आधी बघायचे आणि मग हसायचे. ह्यांनी त्यांना रत्नागिरीला एका डॉक्टरांकडे नेलं. डॉक्टर म्हणाले, इंजिनच्या आवाजानं कान गेलेत, अजून जातील, आणि ती हाक कानातली आहे, बाहेरची नाही. भावोजींनी आम्हांला शपथ घातली, कोणाला सांगू नका. कायमचे आले तरी बोटीवर पुन्हा जायची आशा त्यांनी सोडली नव्हती, आणि बहिरा म्हटलं तर घेणार नाहीत. कान जात होते तसा ते टेपाचा आवाज वाढवत होते. शेवटी शेवटी कपाळ टेपाला टेकवून बसायचे आणि तो सूर पार नाखवांच्या घरांपर्यंत जायचा. आता गिरण म्हणून कोणी हसत नव्हतं. कुत्री तीनच्या आधीच वाडी सोडून बंदराच्या बाजूला जायची. आप्पा एकदा उभ्या उभ्या म्हणाले, "वहिनी, ह्या आवाजाला तोंड कुठं आणि शेपूट कुठं? अशी वस्तू घरात बरी नव्हे."

शहाऐंशीच्या फाल्गुनात सखूचा नवरा धोंडू गेला. होडी किनाऱ्यापासून फार लांब नव्हती, समुद्र ताटासारखा सपाट. दुपारची वेळ. चौघंजण जाळं ओढत होते. होडी चालवणाऱ्या तांडेलानं देवळात देवीच्या पायरीवर हात ठेवून सांगितलं, धोंडू ताठ उभा राहिला, किनाऱ्याकडे बघून "ओ" म्हणाला आणि कठड्यावरून पाय टाकून उतरला. जसं कोणी पडवीतून अंगणात उतरावं. दोघांनी उड्या घेतल्या. हाती लागला नाही.

तेराव्याच्या दुसऱ्या दिवशी सखू आमच्या दारात आली. रडत नव्हती.

"तुमच्या टेपान माज्या घोवाला हाक मारल्यान."

"सखू, असं नको गं बोलू. ती गाणी आहेत परदेशातली."

"गाणी? चार वर्षां ऐकतंय मी. एक शब्द हाय त्यात? माणसान म्हटलेला एक शब्द तरी दाखव."



आणि त्याच आठवड्यात माझी तुळसा मागच्या दारी खेळत होती, सहा वर्षांची पोर. मी तांदूळ निवडत होते. तिचा आवाज आला, "ओ, आले!" मी सूप टाकून धावले. ती पुळणीच्या वाटेला लागली होती. विचारलं, कोणी हाक मारली गं? तर म्हणाली, काकांना मारतात ना, ते. ती काकांची नक्कलही करत असेल. पोरं करतात. पण त्या दिवसापासून मी तिला मागच्या दारी एकटी सोडली नाही.

चैत्रात गावानं देवीला कौल लावायचं ठरवलं. मूर्तीच्या दोन खांद्यांवर गुरव ओल्या पाकळ्या चिकटवतो, गाऱ्हाणं घालतो आणि सगळे वाट बघतात. उजवी पाकळी आधी पडली तर देवीचा होकार, डावी पडली तर नकार. ज्याच्यासंबंधी विचारायचं त्यानं हजर राहून गाऱ्हाण्याला रुकार द्यायचा असतो. त्याशिवाय कौल लागत नाही.

भावोजी आले. त्यांना मी एवढंच सांगितलं होतं की धोंडूच्या शांतीसाठी गाऱ्हाणं आहे. जेवायला वाढताना, समोर बसून, ओठ सावकाश हलवून मी हे सांगितलं. ते खोटं होतं. सगळं सांगितलं तर ते येणार नाहीत असं आप्पांचं म्हणणं पडलं, आणि मी मान डोलावली.

गाभाऱ्यात अंधार, गुरव पाठमोरा. पुरुष आत, आम्ही बायका दाराशी. गुरवानं सुरुवात केली, "बा आई म्हाराजा, वाडीवर जी आफत इली, ती ह्या रघूच्या पेटीपायी इली असेल तर—"

"व्हय म्हाराजा," सगळे म्हणाले. भावोजींनी इतरांचे हात जोडलेले बघितले आणि तेही म्हणाले, "व्हय म्हाराजा."

"—ती पेटी, त्यातल्या सगळ्या वस्तूंसकट, रघूच्या हातान समुद्राला अर्पण व्हावी—"

"व्हय म्हाराजा."

"—आणि त्यातली एक पण वस्तू घरात न रवावी."

"व्हय म्हाराजा." तिसऱ्यांदा त्यांचा आवाज सगळ्यांत मोठा होता. बहिऱ्या माणसाला आपला आवाज कळत नाही. शांत चेहऱ्यानं, शेजारच्यांच्या ओठांकडे बघत, धोंडूसाठी हात जोडून ते उभे होते.

तिथल्या माणसांत त्यांना ऐकू येत नाही हे जाणणारी मी एकटी. हे अलोऱ्याला होते. मी उंबऱ्याबाहेरून एवढंच म्हणायला हवं होतं की थांबा, त्यांना ऐकू गेलेलं नाही. बायका गाऱ्हाण्यात बोलत नाहीत हे खरं. पण मी त्यासाठी गप्प राहिले नाही. तुळसा माझा पदर धरून उभी होती, म्हणून गप्प राहिले.

उजवी पाकळी पडली. लगेच पडली.

देवीनं चुकीचं सांगितलं असं मी कधी म्हणणार नाही. तिला पेटीचं विचारलं, तिनं पेटीचं सांगितलं. हाकेचं कोणी विचारलंच नाही.

बाहेर आल्यावर आप्पांनी रिवाजाप्रमाणे त्यांना समोर उभं करून कौल पुन्हा सांगितला. भावोजींनी ओठांकडे बघितलं, मग माझ्याकडे बघितलं. वाद घातला नाही. तीनदा देवीसमोर शब्द गेला होता, आणि ते देव मानणारे होते. फक्त विचारलं, "आजच?"

"आजच. भरतीला."

पेटीत डावीकडे त्रेचाळीस उरल्या होत्या. ते आंघोळीला गेले तेव्हा मी पेटी उघडली आणि डावीकडची अगदी शेवटची उचलून तांदळाच्या डब्यात खुपसली. देवीपुढे दिलेला शब्द मी मोडला. त्यांच्यासाठी मोडला म्हणते, पण देवळात तोंड उघडलं असतं तर ही वेळ आली नसती.

पेटी बुडायला वेळ लागला. झाकण उघडून कॅसेटी बाहेर आल्या आणि लाटेवर पसरल्या, काळ्या काळ्या. त्यांच्या फिती सुटून पाण्यावर लांबच लांब तरंगत होत्या. भावोजी गुडघाभर पाण्यात उभे राहून बघत होते.

दुसऱ्या दिवशी तीन वाजता मी त्यांच्या हातात ती एक ठेवली. त्यांनी आकडा वाचला. दोनशे चौदा.

"मधल्या राहिल्या," म्हणाले.

"असू दे."

"आवाज बारीक ठेवतो. पोरीला नको ऐकू जायला."

पण बारीक आवाज त्यांना ऐकू येणार कसा? ते टेपाला छातीशी धरून, वर गोधडी घेऊन बसायचे. चैत्रातल्या उकाड्यात. सातवा दिवस झाला, आठवा झाला. नवव्या दिवशी चहा नेला तर टेप बंद होता.

"ओळखीची झाली, वहिनी."

"डीटरला पत्र टाकलंय ना? येईल पार्सल. मी रोज पोस्टमनला विचारते."

त्यांनी मान हलवली. त्यानंतर रोज तीन वाजता मी त्यांच्याजवळ बसायची. तुळसाला सखूकडे पाठवायची, हात धरायची आणि मनात रामरक्षा म्हणायची. दोनदा त्यांच्या अंगाला हिसका बसायचा. एक आणि दोन. मी घट्ट धरून ठेवायची, मग ते सैल पडायचे. बारा दिवस असं केलं.

तेराव्या दिवशी वैशाखातली दुपार, अंगणात रातांब्याची सोलं वाळत घातलेली, त्यात कोणाची तरी शेळी शिरली. मी तिला हाकलायला उठले. तेवढाच वेळ. शेळी हाकलून वळले तर भावोजी पडवीतून खाली उतरत होते. अंगात धुतलेला सदरा, केस विंचरलेले. बारशाला निघालेल्या माणसासारखे. माझ्यापासून वीस पावलांवरून गेले, माझ्याकडे बघितलं नाही.

मी हाक मारली, "भावोजी!"

मग पुन्हा मारली. मग तिसऱ्यांदा, घसा फाटेपर्यंत. माणसानं मारायची ती तिसरी हाक. त्यांना ऐकू आली नाही.

मी पळत गेले, पण वाळूत पाय रुततात. ते कमरेभर पाण्यात गेले तेव्हा मी पुळणीच्या कडेला होते. तिथं ते थांबले. एक हात कानावर ठेवला, दुसरा वर केला. ऐकलं, येतो. समोर नुसता समुद्र होता.

चार दिवस होड्या शोधत होत्या. काही मिळालं नाही.

सखू येऊन माझ्याजवळ बसली आणि म्हणाली, "पेटी देऊन पण न्हेलान गो." मी तिला काही सांगितलं नाही. हे सगळं मी इथंच पहिल्यांदा लिहिते आहे.

श्रावणात पार्सल आलं. हँबर्गचे शिक्के, आत साठ कॅसेटी, आकडे दोनशे पंधरापासून पुढे. डीटरनं एक कागद घातला होता, वंशावळीचे नवे फाटे काढून. ज्यांनी वेगळ्या चुली केल्या होत्या त्यांतले काही पुन्हा एकत्र आले होते. पार्सल समुद्राला द्यावं असं मी ठरवलं होतं. हेही म्हणाले, देऊन टाक. पण आषाढापासून एक गोष्ट सुरू झाली होती, ती मी ह्यांना सांगितलेली नाही. दुपारी तीनच्या सुमारास अंगणातून कोणी तरी म्हणतं, "वहिनी." थोड्या वेळानं पुन्हा एकदा. आवाज ओळखीचा आहे. मी देवाचं नाव घेऊन तिसरीची वाट बघते. तिसरी येत नाही.

तुळसाला मी अलोऱ्याला ह्यांच्याजवळ शाळेत घातलं आहे. मीही तिकडे यावं असं हे म्हणतात. पण घर बंद ठेवून गेले तर अंगणात हाक मारणाऱ्यानं काय करायचं, असं माझ्या मनात येतं, आणि ह्यांना मी काही तरी कारण सांगते.

सकाळी देवपूजा, देवीला फूल, सगळं पहिल्यासारखं चालू आहे. तीन वाजले की दार लोटून घेते आणि टेप लावते. मला एक कॅसेट सहा-सात दिवस पुरते, मग पुढं काय येणार ते कळायला लागतं. क्रम मी मोडत नाही. डीटरला तुळसाच्या शाळेतल्या बाईंकडून इंग्रजीत पत्र लिहून घेतलं आहे, उत्तर अजून नाही.

पार्सलच्या खोक्यात डाव्या बाजूला सतरा उरल्या आहेत.